आई-वडिलांचं पोट दुखतंय आणि कारण सापडत नाही, तेव्हा काय करायचं

‘काही नाही, गॅस झालाय,’ असं म्हणून आई कूस बदलते आणि विषय संपवते. बऱ्याचदा तो गॅसच असतो. पण पासष्टी-सत्तरीच्या पुढे पित्ताशयातला खडा, आतड्याचा पीळ, तुंबलेली लघवी, इतकंच काय, हृदयविकाराचा झटकासुद्धा आधी ‘गॅस’ म्हणूनच घरात शिरतो. त्यामुळे काळजी वाटणं चूक नाही. मात्र त्या काळजीला काहीतरी काम द्यायला हवं.

ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. निदान करणं तुमचं काम नाही. धोका वेळेत ओळखणं, खरी माहिती गोळा करणं, ती योग्य डॉक्टरपुढे ठेवणं आणि उत्तर मिळेपर्यंत पिच्छा न सोडणं, एवढं मात्र तुमच्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही.

सुरुवातीलाच: म्हातारपणी पोट ओरडून सांगत नाही

तरुण माणसाला अपेंडिक्सचा त्रास झाला तर ताप चढतो, पोट कडक होतं, रक्तात पांढऱ्या पेशी वाढतात. सत्तरीच्या माणसात यातलं एकही लक्षण ठळक नसेल, असं होऊ शकतं. ताप येत नाही, कधी तर अंग उलट थंड पडतं. पोटाचे स्नायू झिजलेले असतात, त्यामुळे आत मोठी सूज असूनही हाताला पोट मऊच लागतं. बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी (मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल वगैरे) चालू असेल तर नाडी जितकी वाढायला हवी तितकी वाढत नाही. स्टेरॉइड आणि रोजची वेदनाशामकं खुणा झाकून टाकतात. जुन्या मधुमेहात नसाच बधिर झालेल्या असतात.

म्हणून ‘ताप नाही, पोट मऊ आहे, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही’ हा हिशोब या वयात चालत नाही. दुखणं किती मोठं आहे यापेक्षा ते नवीन आहे का आणि वाढतंय का, याकडे बघा.

पायरी १: आत्ताच निघायचं की थांबता येईल, हे ठरवा

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तर रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. वाटेत छोट्या दवाखान्यात थांबून इंजेक्शन घेण्यात वेळ घालवू नका. जिथे सर्जन आणि सीटी स्कॅन दोन्ही आहेत, तिथेच जायचं.

• अचानक उठलेली जोरदार कळ, किंवा दुखण्याबरोबर घाम, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी.

• पोटाच्या वरच्या भागात, बेंबी आणि छातीच्या मधे दुखणं किंवा आवळल्यासारखं वाटणं, सोबत दम लागणं, घाम, जबडा किंवा हात दुखणं. हृदयविकार असा पोटातून बोलतो, विशेषतः वयस्कर स्त्रियांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये. इथे पहिली तपासणी पोटाची नाही, ईसीजीची.

• रक्ताची उलटी, गडद तपकिरी कणीदार उलटी, शौचावाटे ताजं रक्त, किंवा काळीकुट्ट, चिकट, उग्र वासाची शौच. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती अशी चिकट आणि दुर्गंधीची नसते. शंका असेल तर रक्तस्राव आहे असं धरूनच चला.

• पोट फुगत चाललंय, वारा सरत नाही, शौच बंद आणि उलट्या सुरू. आधी कधी पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर आत तयार झालेल्या चिकटपट्ट्यांमध्ये आतडं अडकू शकतं.

• जांघेत किंवा बेंबीपाशी घट्ट, दुखरी, आत न जाणारी गाठ. हा अडकलेला हर्निया असू शकतो. वयस्कर स्त्रियांमध्ये जांघेतली ही गाठ लहान असते आणि संकोचापोटी कोणी दाखवत नाही. तुम्हालाच विचारावं लागेल.

• डोळे पिवळे, सोबत थंडी वाजून ताप.

• कित्येक तास लघवी नाही आणि ओटीपोट ताणलेलं. कपड्याला थेंब थेंब ओल लागत असली तरी मूत्राशय तुंबलेलं असू शकतं.

• पोट, पाठ, कंबर एकदम दुखायला लागून माणूस गळून गेला. महाधमनीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) फुगा आलेला असेल आणि तो गळत असेल, तर दुखणं हुबेहूब मूतखड्यासारखं वाटतं. साठीनंतर, आणि त्यातही धूम्रपान केलेल्या पुरुषाला, आयुष्यात पहिल्यांदाच ‘मूतखडा’ झाला असं कोणी म्हणालं, तर महाधमनी पाहिली का, हे स्पष्ट विचारा.

• कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज असंबद्ध बोलतोय किंवा नुसता झोपून आहे.

आणखी एक प्रकार वेगळा सांगावासा वाटतो. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसाला अचानक भयंकर पोटदुखी सुरू होते, पण डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं तर फारसं काही सापडत नाही. आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की असंच होतं, आणि तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो. ठोक्यांचा जुना विकार असेल तर दारातून आत शिरताच तो सांगा.

निघण्यापूर्वी तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. जुलाबाचं औषध देऊ नका, एनिमा देऊ नका, पोट चोळू नका. रुग्णालयात वेदनाशामक देऊ करतील तेव्हा ‘आधी निदान होऊ दे’ म्हणून अडवू नका. वेदना कमी केल्याने निदान चुकतं ही जुनी समजूत आहे. उलट वेदना थोडी उतरली की रुग्ण नीट तपासू देतो.

यातलं काहीच नसेल तर दीर्घ श्वास घ्या आणि पुढे वाचा. तरीही नवीन, न थांबणारं दुखणं असेल तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवायचंच. आठवडाभर ‘बघू’ म्हणायचं नाही.

पायरी २: नीट विचारा

‘कुठे दुखतंय?’ या प्रश्नाला ‘पोटात’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी त्यांना आडवं व्हायला सांगा, गुडघे थोडे दुमडून घ्या आणि म्हणा, ‘एका बोटाने दाखवा.’ काहीजण बोट बरोबर एका जागी टेकवतात. काहीजण सगळा तळवा पोटभर फिरवतात. दोन्ही उत्तरं कामाची आहेत आणि दोन्ही जशीच्या तशी डॉक्टरांना सांगायची. उजव्या बरगडीखाली बोट गेलं आणि दुखणं उजव्या खांद्याकडे किंवा पाठीकडे सरकत असेल तर डॉक्टर पित्ताशयाकडे बघतील. मधोमध वर दुखून आरपार पाठीत जात असेल आणि पुढे वाकून बसल्यावर बरं वाटत असेल तर स्वादुपिंडाकडे. डावीकडे खाली असेल तर मोठ्या आतड्याकडे. हा नकाशा ढोबळच आहे. म्हातारपणी अवयव आपापल्या जागेवरूनच बोलतील याची खात्री नसते. फुफ्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनियासुद्धा वरच्या पोटात दुखतो.

मग एकेक प्रश्न, सावकाश. कधीपासून? एकदम सुरू झालं की हळूहळू? सतत आहे की कळा येऊन जातात? जेवणानंतर वाढतं का, आणि किती वेळाने? झोपेतून जाग येते का? शौचाला झाल्यावर हलकं वाटतं का? लघवीला जळजळ, वारंवार जाणं? शेवटची साफ शौच कधी झाली? उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका. ‘जळजळतंय ना?’ असं विचारलं की ‘हो’ येणारच, मग जळजळ असो वा नसो.

पुष्कळ ज्येष्ठांना दुखणं ‘दुखतंय’ असं वाटतच नाही. जड वाटतंय, कसंतरी होतंय, तोंडाला चव नाही, दोन घासांतच पोट भरतं. ही सगळी लक्षणंच आहेत. शिवाय लपवणं असतंच. मुलांना त्रास नको, खर्च नको, नळ्या-सुया नकोत, आणि मनातलं खरं भय म्हणजे ‘काही भलतंच निघालं तर?’ त्यामुळे कानांपेक्षा डोळ्यांवर जास्त भरवसा ठेवा. ताटात किती उरतंय, पट्ट्याचं भोक किती आत गेलंय, चालताना हात पोटावर जातोय का, रोजचा फेरफटका कुठल्या दिवसापासून बंद झाला.

एकदा अंगावरचे कपडे बाजूला सारून त्वचाही बघा. पोटाच्या किंवा पाठीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल आणि तीन-चार दिवसांनी तिथे पुरळ उठलं तर ती नागीण असते. दुखणं आधी येतं, फोड मागून येतात, आणि मधल्या दिवसांत सगळे पोटाच्या आत कारण शोधत बसतात. पुरळ दिसलं की लगेच डॉक्टर गाठा, कारण त्यावरचं विषाणूरोधक औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर सर्वांत जास्त उपयोग होतो. पोट स्वतः जोराने दाबून मात्र बघू नका.

स्मृतिभ्रंश असलेल्या आई-वडिलांना यातलं काही सांगताच येत नाही. त्यांच्यासाठी डॉक्टर आणि परिचारिका पाच गोष्टी पाहतात: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होतात का. प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण १०. ही मोजपट्टी घरीही वापरता येते. अचानक चिडचिड किंवा हात झटकणं याला ‘स्वभाव बिघडला’ म्हणण्याआधी पोट, लघवी आणि शौच तपासून घ्या.

पायरी ३: औषधांची पिशवी पलंगावर उपडी करा

या पायरीवर मी सर्वांत जास्त जोर देईन, कारण हे काम आज, घरबसल्या करता येतं, आणि पुष्कळदा उत्तर तिथेच पडलेलं असतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीतली औषधं तर घ्याच, पण उशाशी ठेवलेली, शेजाऱ्यांनी सुचवलेली, ‘ते काही औषध नाही, ताकदीची गोळी आहे’ असं म्हणून बाजूला ठेवलेली, सगळी बाहेर काढा. पावडरी, चूर्णं, थेंबसुद्धा. प्रत्येकाचं नाव, ताकद, किती वेळा आणि कधीपासून, हे एका कागदावर लिहा.

गुडघेदुखी-कंबरदुखीच्या गोळ्या पहिल्यांदा शोधा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांनी जठरात व्रण होतो, आणि वयस्करांत तो न दुखताच रक्तस्राव करू शकतो. सोबत अ‍ॅस्पिरिन, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर धोका आणखी वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला जोरदार खोकल्यानंतर पोटाच्या भिंतीतच रक्त साकळून दुखू शकतं, हेही लक्षात असू द्या.

बद्धकोष्ठ करणारी औषधं तर घराघरांत आहेत: लोह, कॅल्शियम, ट्रामाडॉल आणि कोडीनसारखी वेदनाशामकं, बीपीचं वेरापामिल, सर्दीच्या जुन्या गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलिन (नैराश्यावर किंवा नसांच्या दुखण्यावर देतात ती गोळी). यातल्या शेवटच्या दोन पौरुष ग्रंथी (प्रोस्टेट) वाढलेल्या पुरुषाची लघवीही अडवू शकतात. बद्धकोष्ठाचा एक फसवा प्रकार आहे. गुदाशयात कडक मळ अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ पाणी गळतं. घरच्यांना वाटतं जुलाब लागलेत, म्हणून जुलाब थांबवायची गोळी देतात आणि अडचण दुप्पट होते. हे बोटाने गुदतपासणी केल्याशिवाय कळत नाही. ती तपासणी डॉक्टरांनी टाळली तर तुम्ही आठवण करा, लाजू नका.

मधुमेहाची औषधं वेगळी पाहायला हवीत. मेटफॉर्मिनने पोट फुगतं, जुलाब होतात. त्याऐवजी हळूहळू विरघळणारी गोळी घेतली की अनेकांचा त्रास कमी होतो. सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ होतं आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटात क्वचित रक्तात आम्ल साचतं. तेव्हा पोटदुखी आणि उलट्या होतात, पण साखर फार वाढलेली नसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. या गोळ्या घेणारा माणूस उलट्या करत असेल आणि जेवत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि कीटोनची (म्हणजे त्या आम्लाची) तपासणी मागा.

हाडांसाठीची अ‍ॅलेंड्रोनेट गोळी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास सरळ बसावं लागतं. ती घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिका सोलवटते. आठवड्यातून एकदा घ्यायचं ड जीवनसत्त्व रोज घेतलं जात असेल, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून पोटदुखी, बद्धकोष्ठ, तहान आणि गोंधळलेपण असं चौकडीने येतं. हृदयाची डिगॉक्सिन गोळी जास्त झाली तर अन्नावरची वासनाच उडते. नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल, कधी तो संपून काही आठवडे उलटले असले तरी, पातळ जुलाब सुरू झाले तर ते एका विशिष्ट जंतूमुळे असू शकतात. तिथे जुलाब बंद करणारी गोळी स्वतःहून देऊ नका.

यादी वाचून घाईघाईने काही बंदही करू नका. अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी गोळी, स्टेरॉइड आणि बीटा ब्लॉकर अचानक सोडणं धोक्याचं असतं. यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, ‘यातलं कोणतं पोटाला त्रास देत असेल?’

पायरी ४: एक वही

फोनमधलं अ‍ॅप नको, साधी वही पुरे. ती पलंगाशेजारी राहते आणि घरातला कोणीही लिहू शकतो. नोंद अशी असावी:

‘मंगळवार. दुपारी १ ला जेवण, अर्धं. दीड वाजता बेंबीच्या वर दुखायला लागलं, १० पैकी ६. पडून राहिले, तीनला थांबलं. उलटी नाही. शौच काल सकाळी, कडक. पॅरासिटामॉल एक, सव्वादोनला. वजन ५६.४.’

बस. ‘आज जरा बरं नव्हतं’ या वाक्यातून डॉक्टरांना काही मिळत नाही. वरच्या नोंदीतून मात्र जेवण आणि दुखणं यांचं नातं उघड दिसतं. जेवणानंतर अर्ध्या-एक तासात दुखणं, तास-दोन तास राहणं, आणि हळूहळू माणूस जेवायलाच घाबरणं, हे सलग दिसलं तर आतड्याला रक्त कमी पडत असेल अशी शंका येते. ही शंका सोनोग्राफीच्या साध्या रिपोर्टमधून कधीच आली नसती.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्के वजन उतरणं दखल घेण्याजोगं मानतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो. ‘वयाने बारीक होतात माणसं’ असं म्हणून हे सोडून देऊ नका.

पायरी ५: डॉक्टरांपुढे काय आणि कसं मांडायचं

सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून किंवा फिजिशियनपासून करा. पोटविकारतज्ज्ञांकडे थेट धावल्याने पोटच पाहिलं जातं, हृदय-लघवी-औषधं मागे राहतात, असं माझं मत आहे. अर्थात वजन घटतंय, रक्तक्षय आहे किंवा गिळताना अडकतंय, तर तज्ज्ञ लवकर हवा.

आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं तुमची असतात. ती अशी वापरा: ‘आईचं वय ७२. तीन आठवड्यांपासून जेवणानंतर वरच्या पोटात दुखतंय. महिन्यात दोन किलो वजन गेलंय. मधुमेह आणि बीपी आहे, पित्ताशय आधीच काढलेलं आहे. औषधांची यादी ही. आम्हाला भीती वाटतेय ती वजनाची.’ पाल्हाळ नाही, शेजारणीला काय झालं होतं ते नाही, इंटरनेटवर काय वाचलं तेही नाही. नंतर बोलू द्या आई-बाबांना. त्यांच्या वतीने प्रत्येक उत्तर देण्याचा मोह आवरा. आणि तपासताना पाच मिनिटं तुम्ही बाहेर थांबा. लघवी, शौच, जांघेतली गाठ किंवा दारू यांबद्दल मुलांसमोर कोणी खरं बोलत नाही.

निघताना तीन प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या. तुम्हाला काय वाटतंय आणि दुसरं काय असू शकतं? कोणती लक्षणं दिसली तर आम्ही थांबायचं नाही? बरं वाटलं नाही तर नेमक्या किती दिवसांनी परत यायचं?

पायरी ६: तपासण्या, आणि त्यांना काय दिसत नाही

रक्त-लघवीच्या मूळ तपासण्यांत हिमोग्लोबिन, मूत्रपिंड, यकृत, साखर, कॅल्शियम येतं. तीव्र दुखण्यात लायपेज (स्वादुपिंडातलं एक पाचक द्रव्य) पाहतात. ते नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीपेक्षा वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज असण्याची शक्यता दाट. साठीनंतर लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय निघाला तर नुसती लोहाची गोळी देऊन गप्प बसायचं नसतं. रक्त जातंय कुठे, हे जठर आणि मोठं आतडं दोन्ही पाहून शोधतात.

लघवीत जंतू सापडले की सगळ्यांनाच हायसं वाटतं, ‘चला, इन्फेक्शन निघालं.’ इथे जरा थांबा. वयस्करांच्या, विशेषतः स्त्रियांच्या लघवीत कुठलाही त्रास नसतानाही जंतू सापडतात. जळजळ, ताप, वारंवार जाणं यातलं काही नसेल तर पोटदुखीचं खरं कारण वेगळंच असू शकतं.

सोनोग्राफी पित्ताशयातले खडे, मूत्रपिंड, मूत्राशय, महाधमनीची रुंदी छान दाखवते. महाधमनी ३ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद असेल तर तिला फुगा म्हणतात. पण वायू असला की स्वादुपिंड झाकलं जातं, पित्तनलिकेतला खडा निसटू शकतो आणि आतड्याचं फारसं काही कळत नाही. रिपोर्टमध्ये ‘स्वादुपिंड वायूमुळे नीट दिसले नाही’ असं असेल तर त्याचा अर्थ स्वादुपिंड ठीक आहे असा नाही, ते पाहिलंच गेलेलं नाही. ही ओळ शोधून डॉक्टरांना दाखवा. सोनोग्राफीसाठी साधारण ६ ते ८ तास उपाशी राहावं लागतं, तेव्हा मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्शुलिन घ्यायचं का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

वयस्करांच्या तीव्र पोटदुखीत सीटी स्कॅन सर्वांत जास्त उत्तरं देतो. शिरेतून रंगद्रव्य द्यायचं असेल तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट, आधीची अ‍ॅलर्जी आणि मेटफॉर्मिन चालू असल्याचं सांगा. कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीच्या नळीने मोठं आतडं पाहण्याच्या तपासणीच्या) आधी पोट साफ करणारं द्रावण प्यायला लागतं. अशक्त माणूस त्यात गळून जातो, रात्री शौचालयात जाताना पडतो. त्या रात्री कोणीतरी जागं राहायला हवं. जठरात व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी असेल तर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट खोटा नकारात्मक येतो. मात्र आम्लाची गोळी बंद करायची की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच.

कर्करोगाच्या ‘मार्कर’चं (रक्तातल्या खुणा मोजणाऱ्या चाचण्यांचं) पॅकेज स्वतःहून करून घेऊ नका. सीए १२५ किंवा सीए १९-९ कर्करोगाशिवायही वाढतात, आणि मग घराची झोप उडते.

पायरी ७: सगळे रिपोर्ट नॉर्मल, दुखणं तसंच

सर्वांत कठीण टप्पा हाच. एकेक दार बंद होतं आणि शेवटी ‘वय झालंय’ किंवा ‘टेन्शन आहे’ असं ऐकायला मिळतं. वय हे निदान नाही. टेन्शन असू शकतं. ज्येष्ठांमधलं नैराश्य भूक, झोप आणि पोट यांतूनच व्यक्त होतं आणि त्यावर उपचारही आहेत. पण ते शोधून ठरवायचं, उरलं म्हणून चिकटवायचं नाही.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच ‘आयबीएस’ (आतड्यात दोष दिसत नसताना वारंवार होणारा पोटाचा त्रास) असं लेबल लागलं तर ते सहज मान्य करू नका. स्त्रियांमध्ये तर विशेष: पोट सतत फुगलेलं, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वारंवार जाणं, हे महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा होत असेल तर अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता तपासून घ्यायला सांगतात. रजोनिवृत्तीला वीस वर्षं झाली म्हणून अंडाशयं विसरायची नसतात. तसंच, साठीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि सोबत वजनही उतरतंय, पाठ-पोट दुखतंय, तर स्वादुपिंडाचा सीटी स्कॅन झालाय का ते पाहा.

कारण पोटाच्या आत नसेलच, असंही असतं. पाठीचं पोझिशन बदललं की वाढणारं दुखणं मणक्यातून आलेलं असू शकतं. आडवं झोपून डोकं-खांदे उचलले आणि पोटाचे स्नायू ताणले की त्याच बिंदूवर दुखणं वाढलं, तर पोटाच्या भिंतीतली नस अडकलेली असू शकते. ही सोपी तपासणी अमेरिकन सर्जन कार्नेट यांनी १९२६ मध्ये वर्णन केली होती. तिला यंत्र लागत नाही, पण डॉक्टरांकडून राहून जाऊ शकते. आपण विचारायला हरकत नाही.

या टप्प्यावर डॉक्टर बदलण्यापेक्षा त्याच डॉक्टरांकडे वही घेऊन परत जाणं बहुधा जास्त फळतं. दुखणं पुढे सरकलं की जे पहिल्या भेटीत दिसत नव्हतं ते दुसऱ्या भेटीत दिसतं. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल आणि नवीन विचारही नसेल, तर दुसरं मत घ्या. त्यासाठी जुने रिपोर्टच नाही, स्कॅनची सीडीही सोबत हवी.

पायरी ८: ते तपासणीला नकार देतात तेव्हा

‘मला नाही यायचं’ हे वाक्य येणारच. त्यावर भावंडांची फौज उभी करून दबाव आणला की माणूस आणखी आक्रसतो. आधी नेमकं कशाचं भय आहे ते विचारा. नळीचं? बेशुद्धीचं? खर्चाचं? की उत्तराचं? नळीचं असेल तर झोपेचं इंजेक्शन देऊन एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून जठर पाहणं) होते हे सांगता येतं. उत्तराचं असेल तर वाद घालून उपयोग नाही. तेव्हा एवढंच विचारा की ‘निदान रक्त आणि सोनोग्राफी तरी करू या का?’ आणि तिथे थांबा. जाणत्या माणसाला नकाराचा हक्क आहे, तो वयाने संपत नाही. मात्र पायरी १ मधली लक्षणं दिसली तर तुम्ही विचारत बसणार नाही, हे त्यांना आजच, शांत वेळी सांगून ठेवा आणि त्यांची संमती घ्या.

भावंडं असतील तर काम वाटून घ्या: एकाने वही, एकाने औषधं, एकाने डॉक्टरांशी बोलणं. तीन जणांनी डॉक्टरांना तीन फोन केले की तीन वेगळी उत्तरं घरात फिरतात. रात्री दोन वाजता लक्षणं शोधत बसायची सवय लागली असेल, तर मनात आलेला प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि फोन बाजूला ठेवा. सकाळी त्यातले दोन-तीनच विचारण्याजोगे उरतात. औषधांची यादी, शेवटचा ईसीजी, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि जुन्या ऑपरेशनची कागदपत्रं एका पिशवीत घालून ती दाराजवळ ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाला ती कुठे आहे ते दाखवा.